खांद्याएवढं पाणी
माशांच्या टाकीसाठी बादलीत समुद्री मीठ कालवायला घेतलं, की तो खारट वास नाकात जातो आणि मला सांगलीचं ते दुकान आठवतं. हे वारल्याला आठवडाही झाला नव्हता. त्यांनी हौसेनं केलेल्या खोल टाकीवरचा दिवा बंद पडला होता आणि उजेडावाचून तळाची प्रवाळं पांढरी पडत चालली होती. "आवं वैनी, सुतकात खरेदी करतात व्हय?" दीर म्हणाले. "मग मरू देऊ का तीबी?" म्हटलं मी, तसे ते गाडी काढायला गेले. इस्लामपुरातनं सांगलीपर्यंत मला ना ऊस दिसला, ना रडू आलं. दुकानात निळ्या उजेडात मासे फिरत होते. दुकानदारानं विचारलं, "टाकी किती खोल हाय, मावशी?" आता मला काय ठाऊक मापं! "तळाला पोचायला यांचा हात खांद्यापर्यंत बुडायचा," मी सांगितलं. तो म्हणाला, "मग साध्या एलईडी पट्टीचा उजेड तळाला पोचायचा न्हाई. भिंगाचा दिवा घ्या, त्याचा उजेड एकवटून सरळ खाली जातो. पण एवढ्या पैशात एकच बसंल, कडंला अंधार राहील." "राहू द्या की," म्हटलं. घरी दिवा लावला, तर उजेडाचा गोल थेट प्रवाळांवर पडला. तळाला एक दगड कलंडला होता, तो सारखा करायला मी हात घातला. खांदा भिजला, तरी बोटं दगडाच्या वरच राहिली. प्रवाळं जगली. अजूनही तळाचं काही काढायचं झालं, की मी लांब चिमटा घेते. पण आधी एकदा हात घालून बघतेच.