तिसऱ्या टोपलीतली जोडी

इसोए हिनोसे नावाच्या गावात आली ती चार दिवसांसाठी.

ती मूळची पूर्वेच्या समुद्रकाठची. तिचे वडील कड्यावर पाणकावळे धरायचे. थंडीच्या आधी आणि थंडीनंतर जाता-येता पाखरं त्या कड्यावर टेकायची. वडील गवताच्या झापाआड तासन् तास बसायचे आणि लांब काठीच्या आकडीने पाखराचा पाय अलगद ओढून घ्यायचे. धरलेली पाखरं टोपल्यांतून आगगाडीने डोंगराकडच्या गावांना जायची. तिथे नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरून घेणारी घराणी होती, आणि माणसाळलेला पाणकावळा काही त्यांच्या अंगणात अंडी घालायचा नाही. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी रानटी पाखरं आणावीच लागत.

एका वर्षी वडिलांचा पाय मोडला, म्हणून ओगिसो घराण्याकडे दोन पाखरं पोचवायला तेवीस वर्षांची इसोए आली. पाखरं जरा स्थिरावली की चार दिवसांनी परत, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अजून चावतात. आठवडाभर थांबते."

ओगिसोंच्या नावेवर क्यूसाकु नावाचा नावाडी होता. तो म्हणाला, "पाखरं चावतात म्हणून थांबलीस, की आमचा भात आवडला?"

"भात कच्चा असतो तुमच्याकडे," इसोए म्हणाली. "तो आवडायला पाणकावळ्याचंच पोट हवं."

पुढच्या वसंतात तिने त्याच्याशी लग्न केलं. भात तेव्हापासून तीच शिजवू लागली आणि ओगिसोंच्या पाखरांची खोलीही तिच्याकडे आली. रोज सकाळी एकेक पाखरू टोपलीतून काढायचं, मानेवरून पोटापर्यंत हात फिरवून वजनाचा अंदाज घ्यायचा, मोठा मासा गिळू नये म्हणून गळ्याला बांधतात ती दोरी रात्रीच्या मासेमारीत कुठे काचली नाही ना ते बघायचं, पाण्यात सोडायचं, खोली धुवायची. म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला, पण खोलीत शब्द इसोएचाच चाले.

पाखरं जोडीने ठेवायची तिथली जुनी रीत आहे. नवी आलेली दोन रानटी पाखरं एका टोपलीत घालायची, मध्ये आड म्हणून बांबूची चिपाटी. आठ-दहा दिवसांनी चिपाटी काढायची. दोघं एकमेकांना रक्त निघेपर्यंत टोचतात, मग थकतात, मग एक दिवस पाठीला पाठ लावून झोपतात. त्यानंतर ती जोडी सहसा मोडत नाही. तिला काताराई म्हणतात, म्हणजे गप्पांचे सोबती. नर-मादी असायला हवं असं काही नाही. तिसऱ्या टोपलीत दोन्ही नरच होते, आणि आठ वर्षं एकत्र होते.

त्यांच्यासाठीच मिनागावा चिहारु गावात आली. विद्यापीठातली संशोधक, तिशीची, थंडीतही बाह्या सारलेली. मालकांनी तिला परवानगी दिली होती. गावात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी टोपल्यांसमोर उकिडवं बसून तिने इसोएला समजावलं, "मेंदूत एक द्रव्य तयार होतं, इसोएसान. हार्मोन. मेंढी व्याली की त्याच्यामुळेच ती स्वतःच्या कोकराला जवळ करते. पाखरांमध्ये त्याच द्रव्याचं भावंड असतं. जोडीदार, पिल्लं, थवा, कोणाजवळ बसायचं नि कोणाला टोचायचं, यात त्याचा हात असतो."

"या दोघांत ना मादी, ना अंडं," इसोए म्हणाली.

"तेच तर. मग हे का एकत्र बसतात? ते द्रव्य इथेही काम करतं का?"

दारात उभा असलेला क्यूसाकु म्हणाला, "आमच्या दोघांत किती आहे ते मोजता येईल का, मास्तरीणबाई?"

"येईल. रक्त काढावं लागेल."

"मग राहू द्या. चाललंय तसं चालू दे."

चिहारुचा बेत साधा होता. तिसऱ्या टोपलीतली जोडी वीस दिवस वेगळी ठेवायची, एक खोलीच्या या टोकाला, एक अंगणापलीकडच्या छपरात. रोज सकाळी दोघांची विष्ठा कुपीत घ्यायची. धास्तीचं एक वेगळं हार्मोन असतं, त्याचा माग विष्ठेत लागतो. धास्ती किती चढते नि किती दिवस टिकते यावरून जोडी किती घट्ट ते कळेल. वीस दिवसांनी परत एकत्र.

इसोएला ते पटलं नव्हतं. पण मालक हो म्हणाले होते, आणि मुलगी मेहनती होती. सकाळी सहाला यायची, दहाला कुप्या घेऊन जायची.

तिसऱ्या दिवशी छपरातल्या पाखराने मासा घशातून परत काढला. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी त्याने छातीवरची पिसं उपटली, तळहाताएवढी जागा उघडी पडली. खोलीतला दुसरा खायचा, पण दिवसभर टोपलीच्या रिकाम्या बाजूला चोच मारत राहायचा. इसोएने चिहारुला पिसं दाखवली. चिहारुने फोटो काढला, चेहरा पाडून म्हणाली, "मलाही बघवत नाही. पण मध्येच सोडलं तर आतापर्यंतचा त्रास फुकट जाईल."

सहाव्या दिवशी दुपारी बारा वाजता इसोएने छपरातलं पाखरू काखेत घेतलं आणि तिसऱ्या टोपलीत नेऊन ठेवलं. दोघांनी माना एकमेकांवर घासल्या, घशातून घर्रघर्र आवाज काढला आणि बसले. पाच वाजता तिने त्याला परत छपरात नेलं. सातव्या दिवशी तेच केलं. विसाव्या दिवसापर्यंत रोज केलं. पाखरू खाऊ लागलं. क्यूसाकुला दिसत होतं, पण बायकोच्या खोलीत त्याने कधी नाक खुपसलं नव्हतं.

महिन्याभराने चिहारु तपासणीचे आकडे घेऊन आली. खूश होती, जरा गोंधळलेलीही होती.

"पहिले पाच दिवस धास्ती खूप चढते. मग उतरायला लागते, दहाव्या दिवशी जवळजवळ पहिल्यासारखी. म्हणजे जोडी वाटते तेवढी घट्ट नाही, इसोएसान. आठ वर्षांची सोबत, आणि आठवड्यात विसरतात. असं कोणी अजून मांडलेलं नाही. मी लिहायला घेतलंय."

इसोएने चहा ओतला.

जेवताना तिने क्यूसाकुला सगळं सांगितलं.

"मग लिहू दे की," तो म्हणाला. "पाखरांना थोडंच वाचता येतं?"

"खोटं आहे ते."

"खोटं तुझ्यामुळे झालं. आता गप्प बस. मालकांचं नाव कशाला खराब करतेस?"

इसोए दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी लाल सलगमाच्या लोणच्याची बरणी कापडात बांधून ती बसने शहरात गेली. विद्यापीठात तिला चिहारुची खोली सापडायला अर्धा तास लागला. चिहारु काचनळ्या धूत होती.

"मास्तरीणबाई, तुमची पाखरं एकटी नव्हती," इसोए म्हणाली. बरणी तिने अजून हातातच धरली होती.

चिहारुने नळ बंद केला. "म्हणजे?"

"मी एकत्र ठेवायची. दुपारी बारा ते पाच."

"कधीपासून?"

"सहाव्या दिवसापासून."

"रोज?"

"रोज. एकदा चारलाच काढलं, मालकांकडे पाहुणे आले होते."

चिहारुने हात पुसले, खुर्चीवर बसली आणि हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"हो. म्हणाले असते." तिने वही मिटली. "नुसती परवानगी मिळवायला दहा महिने लागले होते मला. मग आता तरी का सांगताय?"

"तुम्ही लिहिणार की ती आठवड्यात विसरतात. माझी चूक माझ्या माथी मारा. पाखरांच्या माथी नको."

चिहारुने चहा विचारला नाही. इसोएने बरणी टेबलावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि परतीची बस धरली. मालकांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं. मालक तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि तो आठवडा तिने खोली रोजच्यापेक्षा जास्त घासली.

दोन महिन्यांनी चिहारुचा फोन आला. आवाज कोरडा होता. "नवी पाखरं कधी येतात तुमच्याकडे?"

"पानगळीनंतर."

"त्यांना वेगळं करायची गरज नाही. तुम्ही रीतीप्रमाणे जोड्या लावा. फक्त पहिल्या दिवसापासून कुप्या भराल का? आणि काही बदललं तर मला सांगायचं. त्याच दिवशी."

"सांगेन," इसोए म्हणाली.

त्या थंडीत दोन पाखरं आली. पुढच्या चार वर्षांत एकूण अकरा. ओगिसोंकडे एवढी लागत नव्हती, पण शेजारच्या दोन घराण्यांची नवी पाखरंही मालकांनी इसोएकडेच माणसाळवायला ठेवली. तिने कुप्यांवर तारखा घातल्या आणि बर्फाच्या पेटीतून दर सोमवारी शहरात पाठवल्या. सोबतच्या चिठ्ठीत कोणी कोणाला टोचलं, कोण आधी झोपलं, मासा कोणी कोणाचा पळवला, ते सगळं असे. एकदा क्यूसाकुने चुकून एका जोडीची चिपाटी दोन दिवस आधी काढली, तर त्याचं नावही तिने चिठ्ठीत लिहिलं.

"नवऱ्याची चहाडी विद्यापीठात?" तो म्हणाला.

"त्याच दिवशी सांगायचं ठरलंय," ती म्हणाली.

अकराव्या पाखराला जोडीदार नव्हता, म्हणून ते पाच आठवडे एकटं राहिलं, आणि त्यावरून चिहारुला तुलना करता आली. एकट्या पाखराची धास्ती उतरायला महिना लागला. जोडीत ठेवलेल्यांची दहा-बारा दिवसांतच उतरायला लागे, म्हणजे दोघं अजून एकमेकांना रक्तबंबाळ करत असतानाच. चिहारुने हे तीनदा तपासून पाहिलं.

"भांडत असतात आणि तरी धास्ती उतरते," ती म्हणाली. "याची मी अपेक्षाच केली नव्हती."

"भांडायला तरी कोणीतरी लागतंच," इसोए म्हणाली. क्यूसाकु तेव्हा अंगणात होता, त्याला ऐकू गेलं नाही.

पाचव्या हिवाळ्यात तिसऱ्या टोपलीतला एक पाणकावळा मेला. ज्याची पिसं गेली होती तोच. वय झालं होतं. सकाळी इसोएने टोपली उघडली तेव्हा तो अजून कोमट होता आणि दुसरा त्याच्या अंगाला लागून बसला होता. तिने दुसऱ्याला बाहेर काढून पाण्यात सोडलं, मेलेल्याचे पंख मिटले, फडक्यात गुंडाळून बर्फात ठेवलं आणि फोन केला. मेंदूतल्या द्रव्याचा तपास मेंदूतच करावा लागतो, आणि त्यासाठी पाखरू मारायचं नाही असं दोघींचं ठरलेलं होतं. चिहारु दीड तासात गाडी घेऊन आली.

पुढे तिने इसोएला सूक्ष्मदर्शकातून एक काप दाखवला. फिकट जागेवर काळे ठिपके होते. "ते द्रव्य मेंदूत जिथे जाऊन चिकटतं त्या या जागा. इथे दाट दिसतात. पण एका पाखरावरून काहीच सांगता येत नाही."

"मग लिहू नका," इसोए म्हणाली.

"लिहिणार आहे. एकच पाखरू होतं, हेही लिहिणार आहे."

मागे राहिलेल्याच्या कुप्या इसोएने रोज भरल्या. या वेळी धास्ती आठवड्यात उतरली नाही, सत्तर दिवस चढलेलीच राहिली. मग हळूहळू खाली आली. त्याच्या टोपलीत इसोएने दोनदा नवं पाखरू घालून पाहिलं. त्याने टोचलंही नाही, नुसता दुसऱ्या बाजूला सरकून बसला. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

"आकडे आता पहिल्यासारखे आहेत," चिहारु फोनवर म्हणाली. "काय लिहू? सावरला?"

इसोएने विचार केला. "खातो नीट. वजन भरलंय. तेवढंच लिहा."

त्यानंतर तो आणखी दोन उन्हाळे नदीवर गेला. दोरीला बांधलेल्या दहा पाखरांत त्याची जागा नावेच्या पुढच्या टोकाला असे, आणि मोठे मासे बहुतेक तोच वर आणायचा.