मधल्या वर्तुळातला नारळ

उद्घाटनाचा नारळ बघितला की मला आजही किळस येते. शहरात मी बरीच वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवला. माझा पहिला नियम खेळाचा नव्हताच: मैदानात आलात की आधी झाडू, मग चेंडू. काही आया भांडायला यायच्या, "आमची मुलगी घरी केर काढत नाही हो." मी म्हणायचो, "म्हणूनच इथं काढते."

मुकुंदवाडीची एक मुलगी मात्र न सांगता झाडायची. नववीतली, किडकिडीत, पण चेंडू हातात आला की समोरचीला चकवून कधी निघून गेली ते कळायचं नाही. वडिलांनी तिला बजावलं होतं, यंदा विभागाच्या संघात निवड झाली तर खेळ, नाहीतर बूट माळ्यावर टाकायचे.

ती निवड आमच्याच स्पर्धेतून व्हायची होती. निवड समिती वेळेवर आली, पाहुणे आले नाहीत. मुली उन्हात रांगेत ताटकळल्या आणि मंडपात आयोजक पंख्याखाली चहा पीत बसले. पाहुण्यांसाठी त्यांनी मधलं वर्तुळ ऑइलपेंटनं लालभडक करून ठेवलं होतं. साहेब एकदाचे उगवले. नारळ फोडायला दगड आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो त्या रंगावरच आपटला. पाणी वर्तुळभर पसरलं, टाळ्या पडल्या.

माझी मुकुंदवाडीची पोर सवयीनं फडकं घेऊन धावली.

"ए पोरी, सरक तिकडं! फोटो चाललाय, दिसत नाय का?" एक आयोजक खेकसला. मी पुढं झालो तर माझ्याच खांद्यावर शाल टाकून मला फोटोत ओढलं. "राहू द्या सर. शुभाचं पाणी हाय, पुसत नसतेत."

फोटो संपतो न संपतो तोच पंचांनी शिट्टी फुंकली, कारण आधीच उशीर झाला होता. मी शाल फेकून ओरडत होतो, पण ढोल वाजतच होते. पोर चेंडू घेऊन वर्तुळात वळली आणि तिचा पाय सटकला. गुडघा वाजलेला मला ऐकू आला. पाहुणे तोवर गाडीत बसले होते. संघ जाहीर झाला तेव्हा ती सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घालून घेत होती.

निर्लज्जपणाला काही हद्द असते असं मला वाटायचं. आठवड्याभरानं आयोजक तिच्या घरी पोचले. सोबत शाल, नारळ आणि फोटोवाला. मी तिथंच बसलो होतो. वडिलांनी बिचाऱ्यांनी खुर्च्या मांडल्या.

"बाळा, तुमच्या देवापुढं नारळ फोडतो," तोच खेकसणारा आयोजक मधाळ आवाजात म्हणाला, "लवकर बरी होशील."

पलंगावर पाय लांब करून बसलेल्या पोरीनं आधी नारळाकडं पाहिलं, मग फरशीकडं.

"भायेर फोडा काका," ती म्हणाली. "इथं मला चालायचं हाय. आन् फोडल्यावर पुसून जा."