मी बसले की एकच हेल्मेट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका पदर सावरत धावतात. मी आपली मशीनवर बसून राहते... साड्यांचं पिको-फॉल कोण करणार? आणि पुढे जे लिहिते आहे ते भूत होतं असंही माझं म्हणणं नाही. भुताला निदान काहीतरी हवं असतं म्हणतात. ही तर मोटरसायकल होती. तिला माझ्याकडून काय हवं होतं, देव जाणे.

चार माणसांत मला बोलता येत नाही. शाळाही चौथीपर्यंतच. म्हणून वहीत लिहिते.

आम्ही देवासचे. घरात मी, धाकटा भाऊ मोहन आणि त्याची बायको रेखा. मोहन इथल्याच एका कंपनीत इंजिनियर आहे. तो दोन वर्षांचा असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली. तेव्हा धारहून मावशी येऊन वर्षभर राहिली. शिवण मला तिनेच शिकवलं. आता ती ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि तिचे डोळे चाललेत. ऑपरेशनचाही उपयोग नाही, डॉक्टरने सांगून टाकलंय. फोनवर दर वेळी तिचं एकच — "शकू, दिसतंय तोवर ये गं. तुझं तोंड एकदा बघून घेते."

सकाळी देवासहून निघालं तर जेवायच्या वेळेला धार. पण मला गाडी लागते. बस, कार, काहीही. लिंबू, आलं, गोळ्या, सगळं करून झालं. इंदूर यायच्या आत माझे असे हाल होतात की एकदा कंडक्टरने हात जोडून मला खाली उतरवलं होतं. उघड्यावर वारा लागत असला की मात्र काही होत नाही. म्हणून मोहनने लांबच्या प्रवासाची ती मोठी मोटरसायकल घेतली, तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला. बोलून दाखवला नाही एवढंच.

"ताई, ही नुसती गाडी नाही, कॉम्प्युटर आहे," मोहन म्हणाला. पुढे छोट्या टीव्हीसारखा स्क्रीन. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण चित्रं कळतात. "हे मोड. रेनमध्ये टाकली की गरीब गाय. स्पोर्टमध्ये टाकली की मारकुटा बैल."

"तू गाईतच ठेव," मी म्हटलं.

"आणि हे सस्पेन्शन. पूर्वी पाना घेऊन मागची स्प्रिंग आवळावी लागायची. आता नुसतं बटण. मी एकटा असलो तर एक हेल्मेट. मागे कुणी असलं तर दोन हेल्मेट."

त्याने बटण दाबलं. माझ्या मशीनचं पायडल हलकंच दाबल्यावर होतो तसा घर्रर्र आवाज आला आणि गाडीची मागची बाजू बोटभर वर उठली. स्क्रीनवर दोन हेल्मेटं, शेजारी शेजारी. मला ते चित्र फार आवडलं.

पुढच्या रविवारी आम्ही धारला निघालो. बायपास यायच्या आत माझ्याखालून कुणी गादी काढून घ्यावी तशी गाडी मागे बसली. पुढच्याच स्पीडब्रेकरला खालून असा दणका बसला की कळ दातांपर्यंत गेली. मोहनने गाडी थांबवली. स्क्रीनवर एक हेल्मेट.

"ताई, कशाला हात लावलास?"

"मी कुठे... माझे हात तुझ्या खांद्यावर होते!"

"मग आपोआप झालं?"

त्याने पुन्हा दोन केली. किलोमीटरभर गेलो नाही तोच एक. मग रेन लावून बघितलं, रोड लावून बघितलं. स्प्रिंग मऊ केली, कडक केली. ते सगळं जिथल्या तिथे राही, फक्त दुसरं हेल्मेट जाई. चौथ्यांदा ते गेलं तेव्हा मोहनने गाडी घराकडे वळवली. रस्ताभर आरशातून माझ्या हातांकडे बघत होता. जसं मीच ते हेल्मेट पदराखाली लपवलं होतं!

घरी येऊन त्याने रेखाला मागे बसवलं आणि भोपाळ चौराह्यापर्यंत चक्कर मारून आला. दोन हेल्मेटं शाबूत.

"वन्सं, माझं वजन दिसत असेल तिला," रेखा हसत म्हणाली.

"वजनाचा संबंध नाही," मोहन चिडला. "आपण जे दाबू ते राहायला पाहिजे."

मग त्याने मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधून नेलं. तरी दोन हेल्मेटं! पोत्याला माणूस मानलं तिने, आणि मी बसले की एक. पुन्हा बसले... एक.

इंदूरच्या वर्कशॉपला मलाही जावं लागलं, कारण माझ्याशिवाय बिघाड दिसतच नव्हता. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. "भिया, कुछ नहीं है. एक भी एरर नहीं. और लोड, मतलब ये हेल्मेट, तो खड़ी गाड़ी में ही बदलता है. चलती में बदल ही नहीं सकता."

"तेच तर!" मोहन म्हणाला.

मेकॅनिक मागे बसून फिरून आला. दोन. मग मी बसले. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मागची बाजू खाली आणि स्क्रीनवर एक. "दीदी, ज़रा उतरो. फिर बैठो. अब थोड़ा पीछे सरको." दहा-बारा माणसं गोळा झाली. मी मान खाली घालून चढत होते, उतरत होते. शेवटी मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "कमाल है, गाड़ी दीदी को गिन ही नहीं रही!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन लसूण सोलायला बसले, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी विचारू नये.

त्या आठवड्यात मोहन मावशीशी फोनवर बोलत होता. जेवायला बाफले-बाट्या किती जणांच्या करायच्या असं तिने विचारलं असणार, कारण तो म्हणाला, "मी एकटाच गं. ताईला नाही जमत गाडीवर."

मी मशीनवरून उठले.

"एकटाच म्हणालास?"

"मग काय करू ताई? कंबर मोडून घ्यायची आहे का तुला?"

"कंबर माझी आहे. ती गाडी मोजत नाही तर न मोजो. मागे मी आहे हे तुला तर माहीत आहे ना? मग खड्डा आला की हळू कर. बाबांच्या सायकलला कुठे हेल्मेटाची चित्रं होती?"

इतकं मी एका दमात आयुष्यात बोलले नव्हते. रेखा हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग आत जाऊन तिने जुनी गोधडी आणली आणि म्हणाली, "ही चौघडी करून सीटवर बांधा."

रविवारी सकाळी निघालो. मोहनने दोन हेल्मेटं लावली, पहिल्याच चौकात एक गेलं. या वेळी तो थांबला नाही. स्पीडब्रेकर आला की डावा हात वर करून ओरडायचा, "ताई, उठ!" मी पाय टेकवून जराशी उठायची. इंदूर गेलं, बेटमा गेलं, पोटात ढवळलंसुद्धा नाही. घाटाबिल्लोदला चहा घेतला. पण मोहनच्या खांद्यावरून सबंध रस्ताभर मला ते एकटं हेल्मेट दिसत होतं. भीती नाही वाटली, राग आला. एवढी किमती वस्तू, रेन ओळखते, रस्ता ओळखते, आणि हाडामांसाची बाई तिला ओळखता येऊ नये?

धारला मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी खाली उतरले. इंजिन अजून चालूच होतं. मोहन हातमोजे काढत ओरडला, "मावशी, ओळख बरं कोण आलंय!"

मावशीने डोळ्यांवर हात धरला. "आवाज तुझा. पण दोघं दिसताय मला. ती मागची... शकू ना गं?"

आणि घर्रर्र आवाज झाला.

रिकाम्या सीटसकट गाडीची मागची बाजू उठली. गोधडी हलली. मोहनचे दोन्ही हात हातमोज्यात अडकलेले होते, बटणाजवळ कुणी नव्हतं. स्क्रीनवर दोन हेल्मेटं.

मोहनचा चेहरा उतरला. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. देवासपासून इथवर हाडं खिळखिळी झाली, आणि आता? मी सीटवर थाडकन चापट मारली. "आता कशाला? उतरल्यावर?"

"कुणावर ओरडतेस गं?" मावशीने विचारलं.

"गाडीवर."

"बरं. ती राहू दे तिथे. तू जवळ ये आधी."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी नाकाजवळ नेऊन कितीतरी वेळ बघितला. "केस पांढरे झाले की गं तुझे," म्हणाली. म्हणजे दिसलं तिला.

परत येताना धार ओलांडायच्या आत पुन्हा एक हेल्मेट. नंतर वर्कशॉपमध्ये आतला एक भागही बदलून झाला, फरक शून्य. मोहन म्हणतो सेन्सर, रेखा म्हणते नजर. मेकॅनिक आता मोहनचा फोनच उचलत नाही. मला विचाराल तर मला काहीच म्हणायचं नाही, कारण मला काही कळलेलंच नाही, आणि त्याचाच संताप येतो.

फक्त पूर्वी मोहन मी नीट बसायच्या आत गाडी काढायचा. आता मान वळवून विचारतो, "ताई, बसलीस?"

"बसले," मी म्हणते. चांगलं मोठ्याने म्हणते, त्या स्क्रीनलाही ऐकू जाईल असं.

एकच दाखवते मेली.