सूर नेमका कुठे चढतो

इथे आखातात, आमच्या शहरातल्या नईम भागातल्या ज्या पार्लरमध्ये मी आयब्रो करायला जाते, तिथे काम करणारी एक मुलगी टांझानियाची आहे. तिच्याकडे डोंगरातल्या चार-दोन गावांपुरती एक भाषा आहे, आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळातली. त्या भाषेवर फारसं कुणी लिहिलेलं नाही. माझ्या ऑनलाइन एम.ए.चा प्रकल्प मी त्या भाषेच्या उच्चारांवर घेतला. दुपारी गर्दी नसली की ती शब्द म्हणायची आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड करायची.

शब्द एकटा म्हटला की दुसऱ्या अक्षरावर सूर चढायचा. तोच शब्द वाक्यात आला की तो चढ सरकून पुढच्या शब्दावर जायचा. निदान मला तसं वाटायचं. बुसैतीन भागातल्या आमच्या घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं की वेगळंच ऐकू यायचं. म्हणून मी तोंड मिटून तो सूर गुणगुणायची आणि विचारायची, "असं?"

"व्हेरी नाइस, मॅडम."

दर वेळी बरोबर? एकदा मी मुद्दाम उलटा सूर काढला.

"व्हेरी नाइस, मॅडम," ती आरसा पुसत म्हणाली.

मागे एका बाईचे केस रंगवताना भलतेच नारिंगी झाले होते, तिलाही ती हेच म्हणाली होती. मीही गिऱ्हाईकच. म्हणजे तिला विचारून केलेली माझी एकही नोंद खरी धरता येत नव्हती, आणि प्रकल्प महिनाअखेर द्यायचा होता.

काय करावं कळेना. माझ्या चुका काढ, असं सांगायलाही जीभ रेटेना. माझ्या मराठीला आईच्या मैत्रिणी हसतात, म्हणून तर मी घरी इंग्रजीत उत्तरं देते.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आईने केलेले वडे घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती स्वतःच्या बारीक वेण्या घालत होती. एक बट तिने माझ्या हातात दिली.

"असं नाही, घट्ट धर. कधी वेणी घातली नाहीस का?"

मॅडम म्हणाली नाही. मी बट धरूनच तिचं रेकॉर्ड केलेलं एक वाक्य गुणगुणलं.

"नाही. हे तर बकरीला हाक मारल्यासारखं झालं."

ती पोट धरून हसली. माझे कान तापले. मी पुन्हा गुणगुणलं.

"अंहं, अजून नाही."

मग तिने स्वतः ते वाक्य म्हटलं, थांबली, परत म्हटलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"थांब, आता मलाच कळेनासं झालंय. तू परत म्हण."

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिल्या शब्दापासून म्हणायला लागले.