एक फ्लॅट, एक खातं

नेरूळच्या आमच्या ऑफिसात डोकं फिरवणारे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार रांग लावतात. आम्ही सोसायट्यांसाठी गप्पांची ॲप बनवतो. लॉगिन, कॉमेंट बॉक्स, नोटीस बोर्ड असे सुटे भाग एकदाच तयार करायचे आणि प्रत्येक ॲपमध्ये जोडायचे. भाग मी बनवते, अक्कल सगळे शिकवतात!

*

आमचे सर पन्नाशीचे. "भाग तयार आहेत ना? मग जोडायला आठवडा कशाला?"

म्हटलं, "सर, घरात साचा आहे म्हणून मोदक आपोआप होतात का?"

"मोदक आमची मिसेस करते," सर म्हणाले. त्यांना खरंच वाटलं, हे उत्तर आहे!

*

सीवूड्सच्या एका सोसायटीचे चेअरमन म्हात्रेकाका, मूळचे करावे गावचे. म्हणाले, "माझ्या नोटिशीखाली कॉमेंट बॉक्स नको."

"काका, तो एकच भाग सगळीकडे वापरलाय."

"मंग सगलीकडचा काढ!"

*

मग त्यांचा नियम आला. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचंच खातं. घरातल्या बाकीच्यांना नाही. माझा लॉगिनचा भाग प्रत्येक माणसाला वेगळं खातं देणारा. नेमका तोच मोडायचा!

"आणि बायकांनी बोलायचं कुठे?" मी विचारलं.

"घरान बोलतान की दिसभर!"

सर खो खो हसले. "क्लायंट म्हणतो तसं कर."

केलं. दातओठ खात केलं.

*

ट्रायलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णी मॅडमनी नवऱ्याच्या खात्यावरून पाण्याच्या टाकीतल्या गाळाचे फोटो टाकले. टाकी लगेच साफ झाली. लिफ्टमध्ये जो तो त्यांच्या नवऱ्याचे आभार मानू लागला. साहेब उरणला ड्यूटीवर, टाकी कुठल्या बाजूला आहे तेही त्यांना ठाऊक नाही! तरी म्हणाले, "अहो, कर्तव्यच आहे."

मॅडमनी मला फोन केला. "माझं नाव कधी दिसणार गं?"

मी पुन्हा सरांशी भांडले. सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम!"

*

क्लब हाउसमध्ये उद्घाटन. मोठ्या पडद्यावर पहिलं लॉगिन म्हात्रेकाकांचं. त्यांनी ऐटीत फ्लॅट नंबर टाकला. ओटीपी गेला आणि शेवटच्या रांगेत काकूंचा फोन वाजला.

"यो काय झोल?" काका माझ्यावर ओरडले.

"नियम तुमचाच, काका. फ्लॅट काकूंच्या नावावर आहे."

"ता बायकांना स्टॅम्प ड्यूटीन सवलत मिलते म्हनून..."

काकूंनी सावकाश चष्मा लावला, फोन पाहिला.

"अवो, ओटीपी देतंय. पन आदी काय लिवनार ते सांगा!"