विनीतचा पट्टा

वसाहतीतले किस्से कोणी मुद्दाम जमवीत नाही. दाराशी चपला साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. आमच्या दाराशी साठलेले बहुतेक किस्से एका कुत्र्याचे आहेत.

एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत तारापूरकडे वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. मी बोईसरच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. कुत्र्याचे नाव मी विनीत ठेवले होते. मोकळा असला की तो माझ्या टाचेला लागून चाले. पट्टा बांधला की चारी पाय पसरून भुईला चिकटे. अशात वसाहतीच्या फलकावर सूचना लागली: रविवारी प्रत्येक कुत्रा पट्ट्यात चालवून दाखवावा, न चालणारा वसाहतीत राहणार नाही. हाती सहा दिवस. पत्नी त्या दिवशी जेवली नाही.

*

मी अध्यापन आरंभिले. "उत्तिष्ठ!" म्हणालो. विनीतने डोळे मिटले. "ऊठ!" म्हणालो. त्याने कूस बदलली.

"अहो," पत्नी ओट्यावरून म्हणाली, "तुमच्या तासाला मुलंही हेच करतात!"

*

शिरगावहून मासळी आणणारी गोदूबाय टोपली उतरवून पाहत राहिली.

"मास्तर, नाव काय ह्याचा?"

"विनीत. म्हणजे नम्र, शिकवलेला."

"आन ह्ये त्याला ठावं हाय का?"

*

शेजारचे मिश्राजी वेल्डर. त्यांना माझी दया आली. त्यांनी दोरी हाती घेतली आणि काय आश्चर्य, विनीत चार पावले चालला! मिश्राजी आनंदाने ओरडले, "बस, मास्टरजी, बस! हो गया काम!"

आमच्या श्वानाला मराठीतला एकच शब्द पक्का येत होता. तो बसला.

शब्द एकच, पण दोन भाषांत दोन अर्थ, हे मी मिश्राजींना सविस्तर समजावले. ते खिन्न झाले. "तो अब हम क्या बोलें?"

"काहीच बोलू नका."

ते अर्धा तास गप्प उभे राहिले. विनीतही बसून राहिला.

*

दुसऱ्या दिवशी कामगारांना पाळीवर नेणारी गाडी वळणावर दिसली आणि पन्नास कामगार एकदम ओरडले, "बस! बस!" विनीत रस्त्याच्या मधोमध बसला. मी ओढतो आहे, तो हलत नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. "मास्तर, हा थांबा माझा की ह्याचा?"

*

शनिवारी माझे अवसान संपले. मीही विनीतशेजारी धुळीत बसलो. बेटेगावचे एक सहकारी सायकलवरून चालले होते. त्यांनी पाय टेकला.

"कोण कोणाला शिकवतंय, पंडित?"

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो.

*

रविवारी पहाऱ्याचे सुभेदारसाहेब कारकुनाला घेऊन फाटकाशी आले. विनीत पसरला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सुभेदारांनी घड्याळ पाहिले. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

मग ती पुढे आली. तिने विनीतच्या गळ्यातला पट्टा सोडला, माझ्या मनगटाला बांधला, दोरीचे टोक धरले आणि म्हणाली, "चला."

मी निघालो. विनीत उठला, अंग झाडले आणि माझ्या टाचेला लागून चालू लागला. फाटकापासून विहिरीपर्यंत, आणि परत.

सुभेदारसाहेब कारकुनाकडे वळले. मग खाकरून म्हणाले, "लिहा. पट्ट्यात व्यवस्थित चालत..."

कारकुनाची लेखणी थांबली. "साहेब, पुढं 'आहे' लिहू की 'आहेत'?"

साहेबांनी एकवार मला आपादमस्तक न्याहाळले.

"आहेत!"