उलट्या अक्षरांची तसबीर

वामनभाऊ गेल्याचं पोस्टकार्ड भिलाईला माझ्या हातात पडलं तेव्हा त्यांची तेरवीसुद्धा होऊन गेली होती. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं, मयताची बातमी आहे. त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी... खोकल्यानं गेले, शेवटी तुमची आठवण काढत होते, आणि मग, "फोटो काढाले मलकापूरहून माणूस आणला होता." माझं मन त्या ओळीतच अडकलं. कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलो तरी एकच घोर. वामनभाऊंनाही त्यांनी खुर्चीत बसवलं असेल का?

हे जरा सांगावं लागेल. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. बुलढाण्याला कचेरीमागच्या गल्लीत वामनभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या गावांकडे तेव्हा पुष्कळ माणसांचा जन्मात एकच फोटो निघायचा, तोही मेल्यावर. मयताला आंघोळ घालायची, नवं लुगडं नाहीतर धोतर नेसवून खुर्चीत ताठ बसवायचं, आणि घरच्या एकानं मागे चादरीआड लपून त्याला धरून ठेवायचं. असल्या कामाला दुसरे फोटोवाले कां-कू करायचे. वामनभाऊ मात्र सायकलला कॅमेरा बांधून पार धामणगाव बढेपर्यंत जायचे. त्याचा परिणाम असा झाला की लग्नाला, बारशाला त्यांना कोणी उंबऱ्याजवळ उभं करेना. त्यांचं नावच पडलं 'मयतफोटो'. ते वरवर हसून म्हणायचे, "माया गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही बे. अन् हालत बी नाहीत."

माझी आई देऊळघाटला वारली तेव्हा फोटोसाठी तिच्यामागे मीच बसलो होतो. चादरीआड अंधार, तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली, आणि मी तिला ताठ ठेवायला सारखा मागे ओढत होतो. वामनभाऊ कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यातून बाहेर आले, जवळ येऊन हळूच म्हणाले, "गजा, तिले ओढून धरू नोको. तिचं वजन तुया अंगावर येऊ दे... लहानपणी तुयं तिच्यावर होतं नं, तसं." मग मी हललो नाही. फोटोत तिच्या दंडाजवळ माझी दोन बोटं दिसतात. अशी बोटं ते एरवी बारीक ब्रशनं खोडून टाकायचे, लोकांनाही तेच हवं असायचं. माझी त्यांनी राहू दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाज." त्या चहापासून आमची दोस्ती.

पुढे कॉलेजातले जीवशास्त्राचे सर त्यांच्याकडे आले. सरांना रुईवरच्या फुलपाखराचा फोटो पाहिजे होता, कोषातून निघतानाचा. तोवर कोणी वामनभाऊंना जिवंत काही काढायला बोलावलं नव्हतं. त्यांनी कोष लागलेली रुईची फांदी स्टुडिओत आडवी बांधली आणि सरांनी दिलेलं भिंग कॅमेऱ्याला जोडून खुर्ची टाकून बसले. जेवण तिथंच. वहिनी म्हणायच्या, "घरात बाळंतीण असल्यावानी करून राह्यले!" एका सकाळी मी रतिबाचं दूध द्यायला गेलो तर ते आतूनच ओरडले, "गजा, ये, ये! हे हालून राह्यलं बे!" आयुष्यात पहिल्यांदा समोरचं हलत होतं याचाच त्यांना आनंद. फुलपाखरू बाहेर आलं, रिकाम्या कोषाला धरून लोंबकळलं, आणि चुरगाळलेले ओले पंख त्यानं खाली सोडले. सर सांगत होते, असं लोंबकळायला मिळालं नाही तर पंख तसेच चुरगाळलेले वाळतात, मग ते कधीच उडत नाही.

तो फोटो परदेशातल्या एका संशोधनाच्या मासिकाच्या चक्क मुखपृष्ठावर छापून आला. अंक घेऊन सर धापा टाकत गल्लीत आले. वामनभाऊंनी हात धुतले, अंक दोन्ही हातांनी घेतला, आणि मान तिरकी करून पाहिला. मग म्हणाले, "सर... हे तं पडन."

छापणाऱ्यांनी फोटो उलटा लावला होता. फांदी खाली, कोष वर, त्यावर पंख उभे, एखाद्या देठावरच्या फुलासारखे. "त्यांना फूल वाटलं असेल हो वामनराव," सर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "फोटोमागे वरची बाजू दाखवणारा बाण काढून दिला होता मी..."

बातमी गल्लीत फिरलीच. चौकात कोणीतरी बोललं, "मयतफोटोचं जिवंतही उलटंच निंगालं." वामनभाऊंना वाटलं होतं, आता तरी कोणी बारशाला बोलावेल. कोणी बोलावलं नाही. त्यांनी मुखपृष्ठाला काच-चौकट केली, कडी खालच्या बाजूला ठोकली आणि स्टुडिओत लावलं ते उलटं. अक्षरं डोक्यावर, फुलपाखरू सुलटं. आलागेला सांगायचा, "भाऊ, उलटं टांगलं." ते म्हणायचे, "मेलेल्याले सारेच ताठ बसवतात. माया हातून एकच जिवंत निंगालं, त्याले तं नीट लोंबकळू द्या."

भिलाईची नोकरी लागली तीही त्यांच्या ओळखीनं. अर्जासाठी माझा फोटो काढताना दटावलं होतं, "हास बे! तू जिवंत हायेस!"

रजा मिळाल्यावर मलकापूरला उतरून एस.टी.नं बुलढाण्याचा घाट चढलो. स्टुडिओचं दार उघडंच होतं. समोर भिंतीवर हार घातलेला नवा फोटो... वामनभाऊ, खुर्चीत, ताठ. शेजारी फळीवर ते मुखपृष्ठ टेकवून ठेवलेलं, अक्षरं सरळ. वहिनींच्या भावानं केलं होतं. भेटायला लोक येतात, उलटं बरं दिसत नाही म्हणून.

मी विचारलं, "मागं कोण बसलं होतं, वहिनी?"

"मीच बसली. दुसरं कोन बसन?" त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "वजनच राह्यलं नव्हतं त्याईले... अन् त्या मलकापूरवाल्यानं मायी बोटं पुसून टाकली."

मी जवळ जाऊन पाहिलं. खांद्यापाशी करडा डाग होता, बोटं नव्हती. वहिनींनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"गजाननभाऊ, हे त्याईचं ताठ बसनं मले पाह्यवत नाही. ते फुलपाखरू तरी नीट करा."

कडी अजून खालच्याच बाजूला होती आणि जुना खिळाही जागेवर होता. मी तसबीर उलटी केली आणि अडकवली. अक्षरं डोक्यावर झाली. फुलपाखरू पुन्हा फांदीखाली आलं, पंख खाली सोडून. वहिनी स्टूल धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"आता पडत नाही," त्या म्हणाल्या.